कर्ण्यातली टिरटिर

हॅलोकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. माणूस लाऊडस्पीकरवाला. सभा असो, लग्न असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, मैदानात पहिला आवाज यांचाच घुमायचा. रिकाम्या खुर्च्यांमधून माइक घेऊन फिरायचे आणि "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करत बसायचे. पोरांनी नाव पाडलं, मोठ्यांनी उचललं, आणि पुढे तर बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, आले बघा हॅलोकाका.

राजकारणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं असं नाही, देणंघेणं दोन्ही बाजूंशी होतं. सरकारवाल्यांची सभा यांच्याच कर्ण्यावर, विरोधकांचीही यांच्याच कर्ण्यावर. घरातही तीच गत. बायकोचा भाऊ सरकारी पक्षाचा कट्टर कार्यकर्ता, आणि यांचा स्वतःचा धाकटा भाऊ विरोधकांचा. दोघं एका ताटावर बसले की जेवण राहायचं बाजूला आणि एकमेकांची उणीदुणी निघायची. हॅलोकाका मुकाट जेवायचे. खूपच झालं तर म्हणायचे, अरे, माझ्या मशीनला दोघांचा आवाज सारखाच ऐकू येतो.

आणि ते खरंच होतं हो. काही वर्षांपूर्वी परदेशात आपल्या एका वकिलातीवर हल्ला झाला होता. तेव्हा आजचे विरोधक सत्तेत होते आणि आजचे सत्ताधारी विरोधात. विरोधातले गरजले, सरकार झोपलं होतं का? सत्तेतले गरजले, जवानांच्या चितेवर पोळी भाजून घेणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. मग निवडणूक झाली, खुर्च्या बदलल्या. पुढचा हल्ला झाला तेव्हा हॅलोकाकांनी दोन्ही सभांना मशीनमागे बसून भाषणं ऐकली, आणि ती शब्दाला शब्द तीच निघाली, फक्त तोंडं बदललेली. भाषणं मागच्या वेळीच टेप करून ठेवली असती, तर पुढाऱ्यांना उन्हात यायचे कष्ट पडले नसते, असं ते घरी म्हणाले. तेव्हा सगळे हसले होते. लेक तर फार हसली होती.

लेक एकुलती एक. परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात कारकून म्हणून लागली आणि लांबच्या एका देशात वकिलातीत नेमणूक झाली. काम म्हणाल तर खिडकीमागे बसायचं, आलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा, बोटांचे ठसे घ्यायचे, आणि पुढचा, असं म्हणायचं. पण आईबापांना ते राजदूताहून कमी वाटत नव्हतं. रोज तिचा फोन यायचा. नाही आला तर बायको स्वयंपाकघरात भांडी आपटायची आणि हे अंगणात फेऱ्या मारायचे.

फक्त एक होतं. कार्यक्रम चालू असताना बाबांना फोन करायचा नाही, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. कारण असं, की साधा बटणांचा फोन मशीनजवळ असला, तर घंटी वाजायच्या आधी क्षणभर कर्ण्यात टिर्र, टिरटिर, टिर्र असा आवाज होतो. वक्त्याचं ऐन रंगात आलेलं वाक्य त्यात बुडतं, आणि शिव्या कुणाला, तर लाऊडस्पीकरवाल्याला. म्हणून मशीनजवळ बसणाऱ्याने फोन बंद करायचा, हा हॅलोकाकांचा कायदा. मोठमोठ्या लोकांना ते स्टेजवर जाऊन बजावायचे. स्वतःचा फोन बंद करून हत्यारांच्या पेटीत टाकायचे. शाळकरी वयात लेक हट्टाने सोबत यायची आणि त्या पेटीवरच बसायची. टिरटिर झाली की आधी स्वतःच ओरडायची, कुणाचा आहे, कापा.

तर त्या दिवशी सकाळी बातमी आली, की तिच्या वकिलातीला जमावाने वेढा घातलाय, आत गोळीबार झाला. हॅलोकाका फोन लावत बसले. तिचा मोबाईल लागेना, कुणाचाच लागेना. घर माणसांनी भरलं. टीव्हीवर दोन्ही पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर तुटून पडले होते. एक म्हणत होता, तुम्ही धोक्याचा इशारा कचऱ्यात टाकलात. दुसरा म्हणत होता, तुमच्या भाषणांनीच शत्रूला चेव आला. आत माणसं अडकली होती, त्यांचं काय चाललंय, ते मात्र कुणी सांगेना.

दुपारी मेहुणा धावत आला. चेहरा फुललेला. वरून निरोप होता, सगळे सुखरूप आहेत, सुरक्षित जागी हलवलंय. बायको तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. मेहुण्याने लगेच पुढचं काढलं. विरोधक अफवा पसरवतायत, संध्याकाळी चौकात आपली सभा आहे, साहेब स्वतः बोलणार आहेत, आणि मशीन दाजींचंच हवं. हॅलोकाका म्हणाले, आज माझ्याने होणार नाही, पोरीचा आवाज ऐकल्याशिवाय मी घर सोडत नाही. तर मेहुण्याला ते लागलं. दाजी, सुखरूप म्हणून सांगतोय ना मी? माझ्यावर विश्वास नाही? तुम्ही आला नाहीत तर लोक म्हणतील, घरच्यांनाच खरं वाटत नाही. असं काही बोलला, की नाही म्हणणारा माणूस पोरीचं वाईट चिंततोय असं वाटावं. बायकोनेही मान हलवली, जा म्हणाली. गेले बिचारे.

एवढं मात्र केलं, की फोन बंद केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. शर्टाच्या खिशात चालू ठेवला आणि मशीनपासून होईल तेवढं अंग चोरून बसले. साहेब आले. हॅलोकाकांनी सवयीने फोनचं सांगितलं. साहेबांनी मोठा फोन सचिवाकडे दिला, पण एक छोटा बटणांचा खिशातच ठेवला. हसून म्हणाले, हा घरचा, हा मी कुणाला देत नाही. हॅलोकाका त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यांच्याही खिशात होताच की.

चौक तुडुंब भरला होता. साहेबांचा आवाज चढत गेला. विरोधकांची सालटी काढून झाली, जुन्या सरकारच्या काळात किती नामुष्की झाली ते सांगून झालं, आणि मग साहेब दम घेऊन म्हणाले, आज मी छातीठोकपणे सांगतो, आपल्या एकाही माणसाच्या केसालासुद्धा...

टिर्र. टिरटिर. टिर्र.

चारही कर्ण्यांतून तो आवाज चौकभर पसरला. साहेब थांबले. स्टेजवरच्या सगळ्यांनी वळून मशीनकडे पाहिलं, मेहुण्याने तर डोळे वटारले. खिशात फोन थरथरला, आणि हॅलोकाकांची नजर मशीनच्या काट्यावर असतानाच, त्यांचा अंगठा खिशात गेला आणि त्याने फोन कापला. त्यांनी कापला असं म्हणवत नाही मला. इतक्या वर्षांच्या सवयीने कापला. साहेबांनी वाक्य पुन्हा घेतलं, केसालासुद्धा धक्का लागलेला नाही, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत हॅलोकाकांना वाटलं, अरे, हे काय केलं आपण. खिशातून फोन काढला. परदेशातला लांबलचक नंबर होता.  तोच परत लावला. एंगेज लागला. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ती लाईनच मेलेली होती.

दुसऱ्या दिवशी सरकारने मृतांची नावं जाहीर केली. लेकीचं नाव त्यात होतं.

त्यानंतर घराला जे पाय लागले ते दुःखाचे कमी आणि पक्षाचे जास्त. मेहुणा सांगत आला, आपली पोर देशासाठी गेली, आता सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे तिचा अपमान आहे. धाकटा भाऊ सांगत आला, दादा, यांनी सुखरूप म्हणून खोटं सांगितलं, तू आमच्या स्टेजवर येऊन एवढंच बोल. त्याचं म्हणणं खरं होतं, पण ते ऐकताना हॅलोकाकांना दिसत होतं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आहे आणि त्याच डोळ्यांत पुढची निवडणूकही आहे. शवपेटी आली तर ती उतरवायला कुणी पुढे व्हायचं यावरून दोन मामाकाकांत रेटारेटी झाली. दोघांच्या कडेवर वाढलेली पोर ती. पोरीला खांदा द्यायला बापाला माणसं बाजूला सारावी लागली.

काही दिवसांनी वकिलातीतला ड्रायव्हर भेटायला आला. हात गळ्यात बांधलेला. तो दाराशीच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. त्याने सांगितलं, त्यांना कुठेही हलवलं नव्हतं. सकाळपासून सगळे आतल्या एका खोलीत कोंडून होते, मोबाईल बंद पडलेले, फक्त टेबलावरचा एक फोन चालू. रांग लावून एकेकाला घरी बोलू देत होते. लेकीचा नंबर आला तेव्हा तिने आधी आईला लावला. तो एंगेज होता.

हे ऐकून बायकोने तोंडावर पदर घेतला. त्या वेळी तिच्या फोनवर तिचा भाऊ होता. सभेतून लावला होता त्याने. ताई, ऐक, साहेब आपल्याच पोरीचं बोलतायत, असं म्हणून त्याने फोन कर्ण्याच्या दिशेने उंच धरला होता, आणि ती इथे कान लावून ऐकत होती.

"मग बाबांना लावला," ड्रायव्हर म्हणाला. "वाजला आणि कापला गेला. आम्हाला वाटलं रडेल आता. तर जरा हसली. म्हणाली, बाबांचा कार्यक्रम चालू असेल, होऊ दे, मग करते. आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला."

त्याचं बोलणं झालं होतं घरी. पोराशीसुद्धा बोलला. मग धूर आत यायला लागला आणि तिची पाळी पुन्हा आली नाही. एवढं सांगून तो हॅलोकाकांच्या पायाशी वाकायला लागला, तर त्यांनी त्याला धरलं आणि विचारलं, तुझं पोर काय म्हणालं? 

महिना व्हायच्या आत चौकात शोकसभा ठरली. सर्वपक्षीय, म्हणजे कोण आधी बोलणार यावरूनच दोन दिवस भांडण. मशीन कुणाचं यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. दोन्ही बाजूंनी हॅलोकाकांना स्टेजवर आपापल्या पुढाऱ्याशेजारी खुर्ची ठेवली होती. ते तिथे बसले नाहीत. दुसरा कुणी आपल्या पोरीच्या सभेला आवाज लावेल, हे काही त्यांना सोसवलं नसतं. चौकात फिरून माइक तपासला. पण लोकांच्या लक्षात आलं, की नुसता टकटक वाजवून तपासला. हॅलो म्हणाले नाहीत. मग मशीनमागे त्या पेटीवर जाऊन बसले. कुणाला फोन बंद करा म्हणूनही सांगितलं नाही.

विरोधकांचा पुढारी बोलला, साहेब बोलले. खोटं कुणी सांगितलं आणि देशद्रोही कोण, हे शोकसभेला शोभेल अशा हळू आवाजात दोघांनी एकमेकांना सुनावलं. आणि मग साहेब माइकपाशीच म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.

सगळा चौक उभा राहिला. आणि त्या शांततेत चारही कर्ण्यांतून आवाज आला. टिर्र. टिरटिर. टिर्र.

स्टेजवरची माणसं मशीनकडे बघायला लागली. हॅलोकाकांचा फोन पेटीत बंद पडलेला होता, त्या दिवसापासून त्यांनी तो चालू केलाच नव्हता. आवाज माइकपासूनच येत होता. साहेबांच्या खिशातला, हा घरचा, कुणाला देत नाही, तो. हॅलोकाकांनी तपासायचा माइक हातात घेतला आणि बटण वर केलं.

"साहेब, फोन उचला," ते म्हणाले. "घरचा आहे."

चौकभर ऐकू गेलं. मेहुण्याला वाटलं, दाजी विरोधकांना सामील झाले. धाकट्या भावाला वाटलं, दादाने बरोबर वेळ साधली, आणि त्याच्या बाजूचे दोघंतिघं कुजबुजत हसलेही. साहेबांची मान खाली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पुरतं दुःख. त्यांचा हात तेवढा खिशाकडे गेला, आणि फोन बाहेर न काढता, न बघता, त्यांनी तो कापला.

टिरटिर थांबली. दोन मिनिटं पुरी झाली, लोक बसले, आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. तो वक्ता आवाजाने मवाळ होता. मागच्यांना ऐकू येत नाही, अशी मेहुण्याने लांबूनच खूण केली. हॅलोकाकांनी मान हलवली आणि आवाज थोडा वाढवून दिला.