पाय आत, दंड बाहेर

“मागं हो मास्तर. चपलेचं टोक जरी दोरीला लागलं तर बघ. देवी तुला सोडंल, मी नाय सोडणार.”

ओरडत होता आमच्या शाळेच्या पाड्यावरचा भगत. देव, दवा, आणि दोन्ही चालले नाहीत तर दम, अशी तिन्ही खाती पाड्यावर त्याच्याकडे होती. त्याचा आवाज असा की तो इकडे मुरबाडात ओरडला तर तिकडे शहापुरात तानसाच्या पाण्यावर लाट उठायची आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत नळाला गढूळ पाणी यायचं. मुंबईकर बिचारे पालिकेला शिव्या देत बसायचे. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी सरकारी नोकर, बोलायचं कसं?

मी दोरीच्या बाहेर उभा होतो. शेजारी उपकेंद्राच्या नर्सबाई, त्यांच्या खांद्याला बर्फाचा निळा डबा आणि डब्यात पहिलीच्या पोरांसाठी आणलेली घटसर्प-धनुर्वाताची लस. दोरीच्या आत भगत, त्याच्या पाठीशी अख्खा पाडा, आणि पाड्याच्या मागे टेकाडावर आमची दोन खोल्यांची शाळा. दोरी होती साधी गुरं बांधायची, पण तिला आंब्याच्या डहाळ्या अडकवल्या होत्या आणि खाली नारळ फोडला होता. म्हणजे आता ती दोरी राहिली नव्हती, किल्ला झाली होती.

साल दोन हजार नऊ. पुण्या-मुंबईत नव्या फ्लूची साथ आली होती आणि जो तो तोंडाला रुमाल बांधून दरोडेखोरासारखा हिंडत होता. आमच्याकडे अजून कोणी आजारी नव्हतं, पण माहितीचं भित्तीपत्रक मात्र रोगाच्या आधी येऊन पोचलं. ते वाचून दाखवायला आमच्या मोठ्या गुरुजींनी पालकसभा घेतली. गुरुजींचं भाषण सुरू झालं तेव्हा बाहेर जी म्हैस गाभण होती, तिचं पारडू भाषण संपेपर्यंत आईबरोबर चरायला जाऊ लागलं होतं. मधेच त्यांनी शिंकायचं कसं तेही करून दाखवलं. कोपरात तोंड खुपसून असे शिंकले की छपराची कौलं सरकली, आणि तिथून गळणारं पाणी पुढचे दोन पावसाळे मी माझ्या वर्गात बादलीत झेललं.

सांगितलं मात्र त्यांनी सगळं बरोबर. साबणाने हात धुवा. खोकताना तोंडावर रुमाल धरा. तापलेलं पोर शाळेत पाठवू नका. साथीच्या गावाहून कोणी आलं तर जरा लांब राहा. आणि शेवटी, बुधवारी नर्सबाई मुरबाडहून येणार आहेत, पहिलीच्या पोरांना इंजेक्शन आहे, सगळ्यांनी हजर राहा.

पाड्याने हे सगळं नीट ऐकलं आणि आपल्या पद्धतीने अमलात आणलं. साथ आली की पाडा बांधायचा, ही तिथली जुनी रीत. गावदेवीला नारळ द्यायचा, वाटेवर दोरी लावायची, आणि सूर्य मावळेपर्यंत आतला पाय बाहेर नाही, बाहेरचा पाय आत नाही. एरवी मंगळवारी बांधायचे. या खेपेला भगताने बुधवार काढला.

“बाबा, नेमका आजचाच दिवस का?” मी दोरीपलीकडून विचारलं.

“गुरुजीच बोलले ना, बुधवारी भायेरची माणसं येणार म्हणून,” भगत म्हणाला. “मग बांधायचं कधी, गुरवारी? मांजर येणार त्या दिवशी दूध झाकायचं का दुसऱ्या दिवशी?”

यात चूक काढून दाखवा. मी आजपर्यंत काढू शकलेलो नाही. मोठे गुरुजी पाड्यावरच खोली घेऊन राहायचे, त्यामुळे तेही आत अडकले होते. पाठीमागे उभं राहून ते माझ्याकडे बघून मान हलवत होते. हो म्हणत होते की नाही, ते कळत नव्हतं.

“अहो, मी तर रोजचा माणूस,” मी म्हणालो.

“रोजचा तू येगळा. आज तू जीपमधून आलास. जीपमधी कोण खोकलं का नाय? खरं सांग.”

काय सांगणार? नऊ माणसांच्या जीपमध्ये आम्ही सत्तावीस होतो, वर टपावर अख्खं भजनी मंडळ. टोकावड्यापर्यंत सगळे खोकत होते. पाटीतल्या कोंबड्यासुद्धा खोकल्या.

नर्सबाईंनी डबा खाली ठेवला, झाकण जरा उचलून पाहिलं आणि परत घट्ट लावलं. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “मला इथं उभं राहायला काही नाही. पण बर्फ दुपारपर्यंतच टिकणार. तो विरला की ही लस नाल्यात ओतायची. पुढची फेरी दिवाळीनंतर.”

दिवाळीनंतर, हा शब्द ऐकून आत गर्दीत एक बाई पुढे सरली. ती भगताची सून. तिची पोर यंदा पहिलीत. दिवाळी झाली की हे कुटुंब वाशिंदकडे वीटभट्टीवर जायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर परतायचं, आणि दर खेपेला लस पाड्यावर यायची तेव्हा ही पोर भट्टीवर असायची. आधीचं एक इंजेक्शन असंच चुकलं, मग दुसरं चुकलं. आता हे चुकलं की पुन्हा भट्टी. हे सगळं तिने मला आणि नर्सबाईंना महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. आज तिने पोरीचे केस विंचरून, तेल लावून तिला तयार केलं होतं. दोरी आडवी घातली होती ती तिच्याच सासऱ्याने.

आता अडचण अशी की सुनेने सासऱ्याशी तोंडावर बोलायचं नसतं. पदर ओढायचा आणि बाजूला व्हायचं. ती पदर ओढून बाजूला झाली खरी, पण कुठे, तर दोरीजवळ तिची शेळी उभी होती तिथे. शेळीने दोरीखालून मुंडकं बाहेर काढलं होतं आणि बाहेरच्या करवंदीचा पाला ती निवांत ओरबाडत होती.

“शेळे,” सून म्हणाली, सासऱ्याकडे पाठ करून, “तुजे चारी पाय आत. मुंडकं भायेर. भायेरचा पाला पोटात घालतेस. बंधन मोडलंस का गो तू?”

भगतानेही सुनेकडे पाहिलं नाही. तोही शेळीलाच म्हणाला, “जनावराला बंधन नसतं.”

“ऐकलंस का शेळे, तुला बंधन नाय म्हणतात. मग मागल्या खेपेला म्हातारीचा बोकड भायेर गेला तवा तिच्याकडनं दंडाचा नारळ कशाला घेतला गो?”

“चांगला मोठा होता नारळ,” मागून एक म्हातारी म्हणाली. “पाण्याचा.”

“बोकड भायेर चालत गेलता,” भगत शेळीला म्हणाला. “पायानं.”

“हां,” सून म्हणाली. “पायानं. म्हंजे बंधन पायाचं. ध्यानात ठेव शेळे. पाय आत असले की झालं. हात भायेर गेला काय, मुंडकं भायेर गेलं काय, देवीला काय नाय.”

शेळी चघळत राहिली. एवढी कसलेली वकील मी कल्याणच्या कोर्टातसुद्धा पाहिली नाही. भगताने डोळे मिटले. मला वाटलं, आता याच्या अंगात येणार आणि बर्फ नुसत्या त्या धगीनेच विरणार. पण तो फक्त विचार करत होता. जात्याची घरघर व्हावी तसा त्या विचाराचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“पाय आत,” शेवटी तो म्हणाला. “दंड भायेर. पण बाईचा हात आत येता कामा नाय.”

“मी कशाला आत हात घालू?” नर्सबाई म्हणाल्या. “तुमची भाजी चोरायची आहे का मला?”

मग काय विचारता. भगताने चुलीतली राख मागवून दोरीच्या आत स्वतः रेघ मारली आणि पोरांचे अंगठे रेघेला लावून घेतले. तो पायांवर लक्ष ठेवणार, बाई दंडांवर. पहिली उभी राहिली ती त्याचीच नात. तिने दंड दोरीबाहेर काढला आणि बाकीचं सगळं अंग मागे झुकवलं. दंड मुरबाड तालुक्यात आणि तोंड माळशेज ओलांडून नगर जिल्ह्यात. पण दंड तसूभर हलला नाही. तिच्या मागच्या पोराने मात्र असा हंबरडा फोडला की म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतला व्यापारी असता तर त्याने दात बघून भाव केला असता.

इंजेक्शन झालेल्या पोरांना बाईंनी अर्धा तास तिथेच बसवलं. तेवढ्यात एकाने आतून विचारलं, “बाई, हीच का ती फ्लूची सुई?”

“नाही. ही घटसर्प आणि धनुर्वाताची. फ्लूची लस वेगळी, ती अजून आपल्याकडे आलेली नाही. तोवर साबण आणि रुमाल. तापलेलं पोर घरीच ठेवा. ताप गेल्यावरही वरचा एक दिवस घरीच. धाप लागली, पोर पाणी पिईना, निपचित पडलं, तर उतारा-बितारा करत बसू नका. थेट दवाखाना.”

सगळ्यांनी भगताकडे पाहिलं.

“बरोबर हाय,” भगत म्हणाला. “धाप लागलेलं माज्याकडं आणू नका. माज्या पोराला लागली तवा मी पण जीपच बोलावली.”

“आणि घरात कोणाला ताप आला,” बाई पुढे म्हणाल्या, “तर त्याची दोरी वेगळी बांधा. म्हणजे निजायला वेगळं, भांडं वेगळं, दाराखिडक्या उघड्या.”

हे वाक्य भगताने पुढे महिनाभर पाड्यावर स्वतःचं म्हणून खपवलं. सरकारने आपली पद्धत उचलली, असं तो म्हशापर्यंत जाऊन सांगून आला.

शेवटच्या पोराचा दंड आत गेला तेव्हा डब्यातल्या बर्फाच्या पिशव्यांचं नुसतं गार पाणी झालं होतं, एक पिशवी तेवढी अजून जराशी कडक होती. सुनेने पोरीचा दंड पदराने पुसला, कापूस नीट दाबून धरायला लावला आणि घराकडे वळली. सगळं सुरळीत पार पडलं होतं. शहाण्या माणसाने अशा वेळी चपला घालून निघावं. पण माझी जीभ.

“बाबा, एक शंका,” मी भगताला म्हणालो. नर्सबाईंनी मला चिमटा काढला, पण तोवर शब्द निसटले होते. “लस बाहेरची. ती दंडात गेली. दंड आत गेला. मग बाहेरचं आत आलंच की.”

भगत राखेची रेघ पायाने पुसत होता.

“पोरीत गेली,” तो म्हणाला. “पाड्यात नाय.”