न्हाणीचं दार अन् जेवायचं टेबल

आमच्या घरात साखर संपंल, रॉकेल संपंल, किस्से न्हाई संपायचे. बाभळीखाली शेंगा पडाव्या तसे पडत्यात. राती झाडून कोपऱ्यात लोटा, सकाळी अंगणभर हायेतच. यंदा उन्हाळ्यात आमी घरच्या घरी जेवायचं टेबल बनवलं, तर त्या एका टेबलाखाली एवढे जमलेत की पाय ठेवायला जागा न्हाई. सांगतो, पर आमच्या आण्णाच्या कानावर घालू नका.

*

मी मिलिंद. घरात मिल्या. आठवी दोनदा केली, तिसऱ्या खेपंला मास्तरनंच हात जोडले. आण्णा म्हंजी माझे वडील, परभणीला एका कचेरीत कारकून हायेत, पिंगळीहून रोज गाडीनं जात्यात. अक्का माझी थोरली बहीण, मॅट्रिक पास. माझ्या खोड्यांवर समदे हसत्यात, ती मारती.

तर पेडगावचा मामा अक्कासाठी स्थळ घेऊन आला. म्हणला, "पोरगा मास्तर हाय, परभणीला. मानसं लय सुधारलेली, दाजी. टेबलावर जेवत्यात."

आण्णा म्हणले, "त्यात काय नवल? आमी बी टेबलावरच जेवतो."

हे बोलताना आण्णा पोत्यावर मांडी घालून, भाकरी कुस्करत बसले होते.

मामानं पोत्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. "मंग बेस झालं," म्हणला. "पुढच्या ऐतवारी त्यास्नी जेवायलाच आणतो."

मामा गेल्यावर अक्कानं मला दाराआड ओढलं. मास्तरला तिनं एका लग्नात बघून ठेवलेलं. "मिल्या, मला हेच स्थळ पायजे. तुझ्या खोडीपायी मोडलं तर तुला शेळीच्या दाव्याला बांधून बाजारात इकीन."

"गिऱ्हाइक मिळायचं न्हाई," मी म्हणलं.

"फुकट दीन," अक्का म्हणली.

*

आता लाकूड आणावं कुठून? आमच्या घरात सागवानी म्हणावं असं एकच होतं, न्हाणीचं दार. आण्णानं ते बिजागरीतून काढलं अन् अंगणात आडवं टाकलं.

आई म्हणली, "अन् आंघोळ?"

आण्णा म्हणले, "पोत्याचा पडदा लावू. आत मानूस असलं की त्यानं आवाज करायचा. आपोआप कळतं."

पडदा लावला, पर वाऱ्यानं तो न्हाणीत कमी अन् अंगणात जास्त. मंग आई आत गेली की तांब्या बादलीवर वाजवायची. अक्का खोकायची. मी कोंबड्यावानी आरवायचो. आण्णा पडले कारकून, त्यांनी पाढे धरले. "सात एके सात, सात दुणे चौदा" असं निवांत चालायचं.

एकदा आण्णा "सात सक" म्हणायला अन् मी भायेरून म्हणलं, "चव्वेचाळीस."

"बेचाळीस, गाढवा," आतून आण्णा. पर पाढा कुठवर आलता ते इसरले. मंग परत "सात एके सात." तोंडाला साबन, पर पाढा अर्धा टाकायचा न्हाई हा कचेरीचा कायदा. मी परत चव्वेचाळीस. त्या दिवशी आण्णाची गाडी हुकली, पर सातचा पाढा समद्या गल्लीला पाठ झाला.

*

पायांसाठी शेजारच्या किसनकाकानं बाभळीचे चार सोट दिले. काका मेंढरं राखत्यात. मेंढरं घरी आली की भिंतीवर बसून बिडी वढायची अन् आमच्या अंगणात बघायचं, हा त्यांचा शिनेमा.

आण्णा खिळे ठोकायला बसले. बाभूळ अशी कडक, की खिळा आत जायचं सोडून वळून आण्णाकडंच बघायचा.

काकानं दार बघितलं, सोट बघितले. "काय करायलाव, कारकूनसाब? तिरडी का?"

आई चुलीपासून ओरडली, "शुभ बोला हो, पोरीचं लगीन जमायलंय!"

"म्हून तर इचारलं," काका म्हणले. "तिरडीला एवढे खिळे लागत न्हाईत."

*

टेबल उभं राहिलं अन् आमी समदे त्याच्याकडं मान वर करून बघायलो.

झालं असं, की आण्णाच्या कचेरीत लोक जिथं कागद देत्यात ती खिडकी हाय. तिथल्या फळीवर आण्णा दिवसभर उभ्यानं लिहीत्यात. त्यांच्या डोक्यात टेबल म्हंजी तेवढं उंच. तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसवून बघितलं तर आईची हनुवटी बराबर ताटात.

"पाय कापा की," आई म्हणली.

"एकदा कापलं की लाकूड परत येत न्हाई," आण्णा म्हणले. अन् पार इचार करून त्यांनी कुदळ मागितली.

घरातली जमीन आमची मातीची. आण्णानं चार खड्डे खांदले, टेबलाचे पाय त्यात गाडले, माती ठोकली, आईनं वरून शेणानं सारवलं. उंची जमली. डगमग बी गेली. फकस्त टेबल आता कुठं सरकायचं न्हाई, घर सरकंल.

किसनकाका खास आत येऊन बघून गेले. "बाभूळ वली हाय," म्हणले. "पानी घालीत जा, पालवी फुटंल."

*

शनवारी राती आण्णानं सराव ठेवला. दोन खुर्च्या मागून आणल्या, बाकी तेलाचे रिकामे डबे. आई खुर्चीवर मांडी घालून बसली. आण्णा म्हणले, "पाय खाली सोड." आईनं सोडले अन् म्हणली, "घास गळ्यातच थांबायलाय. पाय लोंबकळल्यावर त्याला वाट कशी गवसंल?"

दाराची कडी टेबलाखाली लोंबत होती, साखळीसकट. अशी कडी दिसल्यावर माझ्यासारख्या मानसानं काय करावं? मी खाली वाकून आण्णाच्या धोतराचा सोगा तिच्यात अडकवला.

आण्णा ऐटीत हात धुवायला उठले. टेबल जागचं हललं न्हाई. धोतर हललं.

खिडकीतून, भिंतीवर बसलेल्या किसनकाकाचा आवाज आला, "काम मजबूत झालंय, कारकूनसाब."

आण्णाच्या आधी अक्कानं मला गाठलं. लाटण्यासंगट. अन् मारता मारता मधीच थांबली, डोळे पुसले, म्हणली, "उद्या एक दिस मानसात ऱ्हा, मिल्या." मंग मला बी कसंतरी झालं. मी कबूल केलं.

*

ऐतवारी पाव्हणे आले. मास्तर, मास्तरचे वडील अन् मामा. जयभीम झालं, पानी झालं. टेबलावर चादर टाकलेली, चारी बाजूनं जमिनीपतोर, म्हंजी गाडलेले पाय दिसू नयेत. मी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा.

मास्तरचे वडील म्हणले, "हात धुतो जरा."

आण्णानं सवयीनं न्हाणीकडं बोट केलं. आईनं कपाळाला हात लावला, तवर म्हातारबा गेले बी.

आमी खिडकीतून बघायलो. त्यांनी पोतं बघितलं. मंग चौकटीला नुसतीच राहिलेली बिजागरी बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं. परत येऊन खुर्चीवर बसले, हळूच चादरीखाली हात घातला.

कडी वाजली. खळ्ळ.

अक्का भाकरीची दुरडी घेऊन दारात उभी. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी न्हाई.

"सागवानी हाय का?" म्हातारबा म्हणले.

"हाय जी," आण्णा म्हणले.

"न्हाणीचं?"

आण्णानं मामाकडं बघितलं, छपराकडं बघितलं. "हाय जी."

म्हातारबा मामाकडं वळले. "तुमीच सांगितलं ना, पोरीकडचे टेबलाबिगर जेवत न्हाईत म्हून?"

मामा पानी पियायलाच लागला. तांब्या खाली ठेवंना.

"आमाला बी उद्या तुमास्नी जेवायला बलवायचं," म्हातारबा आण्णाला म्हणले. "म्हून आमी बी दार काढलं. आमच्या न्हाणीचं."

मास्तर खाली मान घालून हसायला. अक्कानं हसू लपवायला दुरडी तोंडाम्होरं धरली.

म्हातारबा आण्णाकडं सरकले. आवाज बारीक केला. "मंग पाव्हणं, तुमच्यात आंघोळीला काय करत्यात?"

"मी पाढे म्हणतो," आण्णा म्हणले.

म्हातारबानं मान डोलावली. मंग आपलं ताट उचललं, खाली जमिनीवर मांडी घातली अन् म्हणले, "पोरगी पसंत हाय. तेवढे पाढे शिकवून धाडा. आमच्यात समदे गानीच म्हणत्यात, शेजाऱ्यानं घर इकायला काढलंय."