शेवटच्या दिवशी उपसलेला कोपरा

भूकंपानंतर सांगलीहून आमच्या युवक मंडळातले आम्ही अकरा जण नेपाळमधल्या एका डोंगरगावात गेलो. शाळेचा ढिगारा उपसायचं काम आम्हाला दिलं होतं. शेजारच्या पडलेल्या घरातली बाई रोज येऊन मोडक्या हिंदीत म्हणायची, "माझी मुलगी घराच्या त्या कोपऱ्यात आहे. तेवढा उपसा." आमचा म्होरक्या कवठे महांकाळचा. तो सांगायचा, "शाळा उपसून झाली की तुमचंच काम."

शेवटच्या दिवशी आम्ही तो कोपरा उपसला. मुलगी सापडली. बाईनं तिच्या वेणीतली माती बोटांनी काढली, मग आम्हाला हात धुवायला पाणी दिलं.

परतताना म्होरक्या म्हणाला, "पयल्याच दिवशी उपसाया पायजे हुता, गड्या."

तो तिला रोज थांबवायचा, तेव्हा मीही शेजारीच उभा असायचो.