प्लायच्या वाटणीचा तांब्या

मास्तर प्लायला पाणी पाजायचे. नवीन फळी घेण्याआधी तिच्या कोपऱ्याचा चार बोटं तुकडा कापून आणायचे, सकाळी तांब्याभर पाण्यात बुडवायचे आणि दिवेलागणीला बाहेर काढून थरांच्या मध्ये अंगठ्याचं नख घालून बघायचे. नख आत शिरलं की फळी बाद. “कोरडं असताना समदेच चांगले दिसतेत,” असं ते म्हणत. माणसांबद्दल म्हणत की प्लायबद्दल, हे मी कधी विचारलं नाही. कामाच्या वेळी असले प्रश्न त्यांना आवडत नसत.

ते मास्तर नव्हतेच. एका शाळेत शिपाई होते. मोडके बाक दुरुस्त करता करता जाळीकाम शिकले. शाळेतल्या गुरुजींनी चेष्टेने मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच नाव राहिलं. जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर त्यांनी स्वतःच एक करवत बसवली होती. पायाने पायटा हलवायचा, वर केसासारखं बारीक पातं खालीवर नाचायचं, आणि हातांनी फळी फिरवत नक्षी कापायची. मी लग्न होऊन शिरूर अनंतपाळहून लातुरात आले, तेव्हा त्यांच्या भिंतीला भिंत लागून आमची खोली होती. मला मशीनवर पाय मारता येतो हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. त्या म्हणाल्या, “बस गं. घरात दुसरं कोनी त्यांचं ऐकून घेत न्हाई.”

जिल्हा नुकताच नवा झाला होता. रोज एखादं कार्यालय उघडायचं. त्याला पार्टिशन लागायचं, साहेबाच्या नावाची पाटी लागायची. ट्रक भरभरून प्लाय गावात येऊ लागला आणि त्यात निम्मा टाकाऊ असायचा. मास्तर आप्पांच्या प्लायच्या दुकानात जायचे. मी बरोबर असे. ते फळी उभी करून कडेने एक डोळा मिटून बघत, कडेवरचे थर मोजत, मग बोटाच्या पेराने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जात. आवाज मध्येच भदभदीत झाला की आत पोकळी. तिथे पातं तुटणार. मग वास घेत. आप्पा कपाळावरचं भस्म सांभाळत घाम पुसायचे आणि म्हणायचे, “मास्तर, प्लाय बघायला आलाव का पोरगी?”

“पोरगी बघाय आलो असतो तर येवढं बघितलं नसतं, आप्पा.”

आप्पा हसायचे, पण कोपरा कापू द्यायचे.

वस्तीत विहार बांधून झाला, तेव्हा दारावरच्या झरोक्यासाठी धम्मचक्राची जाळी मास्तरांनी मागून घेतली. चोवीस आरे, भोवती पिंपळपानांची वेल, तीन फूट रुंद. आजवर त्यांनी साहेबांच्या नावाच्या पाट्या कोरल्या होत्या. ही एकच गोष्ट त्यांच्या मागे राहणार होती, आणि हे त्यांनी मला एकदाच, पातं ओवता ओवता, सांगितलं होतं.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. आदल्या वर्षीही धड पडला नव्हता. टँकर चार दिवसांनी यायचा आणि माणशी दोन घागरी मिळायच्या. मास्तर एसटीने नांदेडला जाऊन आले. दोन सूत जाडीची, म्हणजे जेमतेम पाव इंचाची फळी त्यांनी डोळ्याने, पेराने, नाकाने पारखली. कोपऱ्याचा तुकडाही आणला. तांब्या हातात घेतला आणि परत ठेवला. मावशी नुकत्याच टँकरवरून आल्या होत्या. त्यांच्या कोपराला खरचटलेलं होतं.

“मानसाला न्हाई तितं लाकडाला कुटून पाजू,” ते म्हणाले. “आवाज चांगला हाय. ऱ्हाऊ दे.”

चार महिने काम चाललं. मी पायटा मारायची, ते फळी फिरवायचे. जाळी बसली त्या दिवशी वस्तीतला प्रत्येक माणूस खाली उभा राहून वर बघून गेला.

पुढच्याच महिन्यात टँकर विहारासमोर लागला आणि त्याचा पाइप निसटला. पाण्याचा लोट थेट दारावर गेला. गर्दी उडाली. पाइप पुन्हा बसेपर्यंत जाळी चिंब झाली होती आणि पिंपळपानांवरून धारा लागल्या होत्या. बायकांनी त्या धारांखाली घागरी धरल्या. मीही धरली. मास्तर समोरच उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि मावशींना म्हणाले, “धर. वाया चाललंय.”

तिसऱ्या दिवशी थर सुटले. आरे भिजलेल्या वहीच्या पानांसारखे उकलले. लोक म्हणाले, खिळे मारू, रंग लावू, लांबून दिसत नाही. मास्तरांनी शिडी लावली, जाळी उतरवली आणि दाराच्या मागे ठेवली.

मग त्यांनी पुन्हा तुकडे आणायला सुरुवात केली. आता रोज एक तांब्या भरला जायचा. आधीचंच पाणी का नाही वापरत, असं मी विचारलं. त्यात थर चिकटवायचा सरस उतरलेला असतो, खरंखोटं कळत नाही, असं ते म्हणाले. पाणी कुठून येतं ते मावशींना दोन दिवसांनी कळलं. ते स्वतःच्या पिण्याच्या वाटणीतून काढत होते. तीन तुकडे बाद झाले, चौथा टिकला. पण एकाच तुकड्यावर त्यांचा विश्वास बसेना. फळीच्या चारही कोपऱ्यांचे तुकडे त्यांनी एकेक करून पाजले.

एकोणीस आरे झाले, तेव्हा त्यांच्या पायांवर सूज आली. सरकारी दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडं आधीपासूनच खराब आहेत. ऐन उन्हाळ्यात ते गेले. आठ तांब्यांनी माणूस मरत नाही, हे मला कळतं. मावशींना ते कधी पटलं नाही. “लाकडाला पाजलं न् आपन कोरडा ऱ्हायला,” असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. उरलेले पाच आरे मी कापले. करवत मावशींनी मला दिली. ती त्यांना घरात नको होती.

जाळी अजून जागेवर आहे. अनेक पावसाळे झाले, नख शिरत नाही. त्या कामावर मी पुढे घर चालवलं. मधल्या एका दुष्काळात रेणापूरहून अशाच जाळीचं काम आलं. नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं. मी घरातल्या पाचही जणांच्या तांब्यांतून एकेक घोट काढून घेतला आणि तुकडा बुडवला. तहान कोणालाच जाणवली नाही. मास्तरांनी एवढंच करायला हवं होतं. आमच्या ओळीत अकरा घरं होती. त्यांनी मागितलं नाही. आणि मी रोज त्यांच्यासमोर बसत होते, माझी नजर फळीवर होती. त्यांचे ओठ फुटले होते, हे मला त्यांना शेवटची आंघोळ घालताना दिसलं.