खालच्या माणसाचा शब्द

पुण्यात जानेवारीत लोकांना तब्येतीचा उमाळा येतो. त्या उमाळ्यात ट्रेडमिल घरी येते, पाडव्यापर्यंत तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात, आणि गणपतीच्या आधी घर आवरताना कोणीतरी म्हणतं, "हे धूड आधी इथून हलवा." हे धूड हलवणारा माणूस म्हणजे बद्रीनाथ घुगे. मूळचा हिंगोलीकडचा, राहायला येरवड्यात, वय पंचावन्न आणि अंगाने अगदी किरकोळ. त्याला पहिल्यांदा पाहणारं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "हे तुम्ही उचलणार?" बद्रीनाथ शांतपणे सांगायचा, "मी कुठं उचलतो साहेब? ते आपल्या वजनानंच उतरतं. मी फक्त वाट दाखवतो."

तीस वर्षांपूर्वी तो पुण्यात आला तो पोती उचलायला. पुढे घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत लागला, आणि तिथे त्याला कळलं की फ्रिज-कपाटाला भिणारा कोणी नाही, पण व्यायामाच्या मशीनला सगळे टरकतात. त्यात तथ्यही होतं. कपाट मुकाट्याने जड असतं. ट्रेडमिल जिन्याच्या मध्यावर उघडते, सायकलचं चाक फिरून बोट धरतं, आणि मल्टिजिमच्या लोखंडी पाट्या कधी घसरतील ते सांगता येत नाही. कंपनीतली पोरं ही कामं टाळायची, बद्रीनाथ ती मागून घ्यायला लागला. हळूहळू कंपनी सुटली आणि कोथरूडपासून खराडीपर्यंत त्याचा नंबर लोकांच्या फोनमध्ये 'घुगे मशीनवाले' या नावाने जाऊन बसला.

त्याची पद्धत ठरलेली होती. आधी रिकाम्या हाताने जिना उतरून यायचं आणि प्रत्येक वळण दोरीने मोजायचं. मग मशीनचा वरचा स्क्रीन आणि हँडल खोलायचं, स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी मशीनलाच बांधायची. धावायच्या पट्टीचा भाग घडी घालून उभा केला की त्याची खिटी लागते, पण त्या खिटीवर बद्रीनाथने कधी विश्वास ठेवला नाही. दोन ठिकाणी जाड पट्टा आवळायचा, कोपऱ्यांना जुन्या गोधडीचे तुकडे गुंडाळायचे, मोटरची जड बाजू खाली घ्यायची. पायात चप्पल नको, बोटात अंगठी नको.

आणि या सगळ्याच्या वरचा एक नियम होता. जिन्यात फक्त खालच्या माणसाने बोलायचं. मशीन घसरलं तर ते खालच्याच्या छातीवर येणार, तेव्हा 'उचल', 'टेकव', 'थांब', 'वळव' हे त्यानेच म्हणायचं आणि वरच्याने ऐकायचं. वरच्याला काही दिसलं, खटकलं, नाकावर माशी बसली तरी त्याने तोंड उघडायचं नाही आणि खालून शब्द आल्याशिवाय इंचभरही हलायचं नाही. हा नियम बद्रीनाथ पुस्तकात शिकला नव्हता. कंपनीत असताना एकदा तो खाली होता आणि वरचा गडी मालकाशी गप्पा मारत होता. त्या दिवशी बद्रीनाथच्या पायाचा अंगठा गेला. तेव्हापासून नवा माणूस हाताखाली आला की तो आधी त्याला तो पाय दाखवायचा आणि मग काम सांगायचा.

त्याचा कायमचा जोडीदार साईनाथ. बायकोचा, कुसुमचा, धाकटा भाऊ. वय चाळीस, आडदांड शरीर आणि बोलणं बेताचं. त्याचं लग्न टिकलं नव्हतं, गावाकडच्या घराची भावकीने वाटणी केली तेव्हा याच्या वाट्याला बोलणी तेवढी आली होती. सहा वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन तो बहिणीकडे आला आणि येरवड्याच्या त्या दीड खोलीत दाराजवळ झोपायला लागला. ताकद त्याची, डोकं बद्रीनाथचं. म्हणून साईनाथ नेहमी खाली असायचा. सहा वर्षांत दोघांनी कोणाची फरशी फोडली नाही की स्वतःचं हाड मोडून घेतलं नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये सदाशिव पेठेतून यज्ञेश्वर मोघ्यांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ट्रेडमिल बाणेरला मुलीकडे पाठवायची होती. इमारतीत लिफ्ट होती आणि लिफ्टशेजारी पाटी होती: 'लिफ्ट माणसांसाठी आहे. सामानाने जिना वापरावा.' आता सामान आपण होऊन जिना वापरत नाही, त्यासाठी माणसंच लागतात, एवढं लिहायला पाटीवर जागा उरली नसावी.

पण मोघे स्वतः फार सौजन्याने वागले. तीस वर्षांत बद्रीनाथला गिऱ्हाइकांनी 'ए भाऊ' म्हटलं होतं, 'मामा' म्हटलं होतं, नुसतं 'ओ' म्हटलं होतं. मोघे म्हणाले, "अहो घुगे, या. आपण आधी बसा. चहा घ्या, मग काम." बसायला खुर्ची दिली. चहा कागदी ग्लासात नव्हता, बशीवर ठेवलेल्या कपात होता. साईनाथलाही दिला, पण तो दाराशी उभ्यानेच प्यायला. मोघ्यांनी मशीन कसं उतरवणार ते विचारलं आणि बद्रीनाथने सगळं सांगितलं, वळणं, पट्टे, खालच्याचा शब्द, सगळं. मोघे मान डोलवत म्हणाले, "वा! आपलं काम अगदी शास्त्रशुद्ध आहे हो." बद्रीनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला कोणी 'आपण' म्हणावं आणि त्याने इतकं सुखावून जावं, यात हसण्यासारखं काही नाही. ते त्याला आजवर मिळालंच नव्हतं.

काम सुरू झालं. तिसऱ्याहून दुसऱ्या मजल्यावर मशीन सुरळीत उतरलं. साईनाथ खाली, पाठमोरा एकेक पायरी चाचपत, आणि बद्रीनाथ वर, खांद्यावर पट्टा घेऊन. मागून मोघे उतरत होते. खरं तर मालकाने घरातच थांबायचं असतं, हेही बद्रीनाथ प्रत्येकाला सांगत असे. त्या दिवशी त्याने सांगितलं नाही. ज्याने खुर्ची दिली त्याला 'घरात बसा' कसं म्हणायचं?

दुसऱ्या मजल्याखालचं वळण अरुंद होतं. साईनाथ म्हणाला, "टेकव." मशीन पायरीवर टेकलं. त्याला उजव्या हाताची पकड बदलायची होती, म्हणून त्याने हात काढून मशीनच्या आणि लोखंडी कठड्याच्या मधून खाली घातला. तेवढ्यात वरून मोघ्यांचा आवाज आला, "अहो घुगे, भिंतीला घासतंय! रंग महिन्यापूर्वीच दिलाय, सगळ्यांनी वर्गणी काढून. जरा कठड्याकडे घ्या!"

"हो साहेब," बद्रीनाथ म्हणाला, आणि त्याने मशीन कठड्याकडे ओढलं.

खालून शब्द आला नव्हता. खालून आली ती किंकाळी.

एवढं झालं तरी साईनाथने मशीन सोडलं नाही. छाती लावून त्याने ते पेललं, बद्रीनाथने पट्टा मागे ओढला, आणि हात सुटला तेव्हा त्याच्याकडे पाहवत नव्हतं. मोघ्यांनी स्वच्छ पंचा आणून दिला, रिक्षा थांबवली. दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. तिसरं राहिलं, पण नुसतं नावाला.

कुसुम धावत आली तेव्हा बद्रीनाथ बाकावर बसला होता. तिने विचारलं, "कसं झालं वो?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पट्टा सुटला." विचार करून बोललेला तो शब्द नव्हता. पण एकदा बोलल्यावर त्याने तो परत घेतला नाही. साईनाथ खाटेवर होता, शुद्धीत होता, त्याने ऐकलं. त्याने मेहुण्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बद्रीनाथने स्वतःची समजूत घातली की साईनाथला नीटसं कळलंच नसेल. वेदनेत माणसाला काय कळतं?

तिसऱ्या दिवशी मोघ्यांचा फोन आला. त्यांनी साईनाथची चौकशी केली, फार वाईट वाटलं म्हणाले, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "अहो घुगे, ते मशीन अजून जिन्यातच आहे. सोसायटीत चर्चा होतेय. आपण कधी येताय?" एखाद्याने फोन आपटला असता. बद्रीनाथ "हो साहेब" म्हणाला. दुसरा माणूस घेऊन गेला, त्याच वळणावरून मशीन उतरवलं आणि बाणेरला पोचवून आला. भिंतीवर बोटभर ओरखडा होता. कठड्यावरचा डाग कोणीतरी पुसून काढला होता.

मग दिवस जायला लागले आणि खोटं घरात नांदायला लागलं. साईनाथ दाराजवळच्या त्याच जागी बसून डाव्या हाताने चमच्याने जेवायचा. भात सांडला की कुसुम न बोलता गोळा करायची, त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची. शेजारच्या हिराबाई विचारपूस करायला आल्या की ती सांगायची, "आमच्या ह्यांनी वरून मशीन धरून ठेवलं म्हणून. न्हाईतर माझा भाऊ राहिला नसता." हे ती नवऱ्याच्या देखत सांगायची आणि त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढायची. बद्रीनाथ ती खायचा. खाली मान घालून खायचा, पण खायचा.

आणखी एक गंमत झाली, तिला गंमत म्हणायचं असेल तर. नवीन माणसांना शिकवताना बद्रीनाथ आता पाय दाखवायचा नाही. तो साईनाथची गोष्ट सांगायचा, की पट्टा सुटला आणि बोटं गेली, म्हणून पट्टा दोनदा तपासा. माणसं इमानदारीने पट्टे तपासायची. त्या पट्ट्याला जर बोलता आलं असतं तर त्याने काय म्हटलं असतं कोण जाणे, कारण त्या दिवशी साऱ्या जिन्यात आपलं काम चोख केलेला तोच एक होता. साईनाथ सोडून.

रात्री झोप येत नाही वगैरे प्रकार बद्रीनाथच्या बाबतीत झाले नाहीत. दिवसभर लोखंड वाहणाऱ्याला झोप लागतेच. पण गिऱ्हाईक 'अहो' म्हणालं की त्याला चीड यायला लागली. चहा दिला तर तो नको म्हणायचा, खुर्ची दिली तर उभा राहायचा. लोक म्हणायला लागले, घुगे फार तुसडे झालेत. पुण्यात राहून इतकं तरी यायलाच हवं, असंही कोणी म्हणालं.

पाच महिन्यांनी साईनाथला काम मिळालं. खराडीला एका इमारतीत रखवालदाराचं, आणि पार्किंगमध्ये पत्र्याची एक खोली. शिट्टी वाजवायची आणि गाड्यांचे नंबर लिहायचे. लिहिणं तो डाव्या हाताने शिकला होता. कुसुमने डब्यात लाडू भरून दिले आणि डोळे पुसत ती दारातच थांबली. बद्रीनाथ त्याची पेटी घेऊन रिक्षा स्टँडपर्यंत गेला.

सकाळचे अकरा वाजले असतील. रिक्षावाला टपरीवर चहा पीत होता, तो संपवून येतो म्हणाला. दोघे पेटीजवळ उभे राहिले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच असे ते दोघेच होते. बद्रीनाथच्या मनात बरेच दिवस साचलेलं होतं ते वर आलं.

"साईनाथ, त्या दिवशी... तो पट्टा..."

"पट्टा न्हाई सुटला दाजी," साईनाथ म्हणाला. "मला ठावं हाय. तुमी साहेबाचं ऐकलं. मी बोललोच नव्हतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते फार अवघड होतं. बद्रीनाथला वाटलं, याने आपल्याला सांभाळून घेतलं. बहिणीच्या संसारासाठी, आपल्या मानासाठी, इतके दिवस या माणसाने गप्प राहून आपल्यावर माया केली. तो म्हणाला, "लई उपकार झाले रे तुझे. पण तू ताईला बोलला कामून न्हाईस?"

साईनाथने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कसले उपकार? बोललो असतो तर घरात भांडण झालं असतं. मग एकाला भाईर जावं लागलं असतं. घर तुमचं हाय. मी असल्या हातानं कुठं गेलो असतो?"

रिक्षावाला आला. साईनाथने डाव्या हाताने स्वतःच पेटी उचलून आत ठेवली, बद्रीनाथने पुढे केलेला हात त्याला दिसला नसावा, किंवा दिसला असावा. आत बसल्यावर तो म्हणाला, "आता मला खोली हाय दाजी. आता तुमीच सांगा ताईला. मी सांगणार न्हाई." रिक्षा सुरू झाली आणि नगर रोडच्या गर्दीत मिसळली.

बद्रीनाथ चालत घरी आला. एकेक वाक्य जुळवत आला. कुसुम चुलीपुढे नव्हती, साईनाथची वाकळ घडी घालत दाराजवळ बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"गेला का नीट?" तिने विचारलं. "काही म्हणाला का?"

बद्रीनाथने तिच्याकडे पाहिलं. जुळवलेली वाक्यं सगळी तोंडाशी होती.

"न्हाई," तो म्हणाला. "काही न्हाई म्हणाला."

"तुमच्यावर लई जीव हाय त्याचा," कुसुम म्हणाली, आणि डोळे पुसून उठली. "वाढू का?"

"वाढ."