वहिनींना दिलेली कॅप्सूल

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणारा तो माणूस वैद्य नव्हता, पण आजूबाजूचे सगळे त्याला 'वैद्यबुवा' म्हणत. कुणाचं डोकं दुखो नाहीतर पोट, जुन्या खुर्चीतले खिळे उपसता उपसता तो औषध सांगून मोकळा व्हायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. मनातून मात्र त्याला ते नाव आवडायचं.

दुकानात माणसं दोनच. फोम कापायचा, पट्टे ताणायचे, कापड ठोकून बसवायचं हे त्याचं काम. कव्हरं शिवायची त्याच्या वहिनींनी. दादा बस चालवायचा, म्हणून दिवसभर घरी नसायचा. वहिनी घरचं आवरून दुकानात यायच्या. त्यांचा हात असा, की रेक्झिनवरची शिवण पट्टीने आखल्यासारखी दिसायची. गुडघे मात्र पायमशीन मारून मारून कामातून गेले होते. त्यासाठी त्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या. कुणी लिहून दिलेल्या नव्हेत, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या, आणि कळ आली की कधीही, उपाशीपोटीसुद्धा.

त्या वर्षी एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम मिळालं. एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं. नेमकं तेव्हाच वहिनींच्या पोटात जळजळायला लागलं. शिवता शिवता त्या थांबायच्या आणि पोटावर मूठ दाबून बसायच्या.

"भावोजी, डॉक्टरांना दाखवून येऊ का?"

त्याने खण उघडून आपली पाकिटं काढली. त्यालाही ॲसिडिटी होती. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी कॅप्सूल लिहून दिली होती आणि संपली की परत या म्हणून बजावलं होतं. तो परत गेलाच नव्हता. जुन्या चिठ्ठीवर आणत राहिला, खात राहिला.

"कशाला अर्धा दिवस घालवता? डॉक्टर हीच देणार. मला नाही का दिली?"

वहिनींना कॅप्सूल गिळवेना, घशात अडकल्यासारखी व्हायची. त्यावरही बुवांकडे तोडगा होता. "फोडा आणि चहात टाका. पोटात गेल्याशी मतलब."

जळजळ थांबली. वहिनी पुन्हा मशीनवर बसल्या. "गुण आहे हो तुमच्या हाताला," म्हणाल्या. तो फुलून गेला. खुर्च्या भराभर तयार होऊ लागल्या.

मग एका दुपारी त्या मशीन थांबवून त्याच्याजवळ आल्या. चेहरा पांढुरका दिसत होता. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सांगायला लाज वाटते भावोजी, पण दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय. आणि जिना चढताना दम लागतो."

त्याच्या तोंडात खिळे होते. ठोकताना हाताशी असावेत म्हणून तो ते ओठांत धरायचा. काढायचेही कष्ट न घेता तो पुटपुटला, "उष्णता असेल. पाणी प्या भरपूर." आणि त्याची नजर गेली भिंतीला लावून ठेवलेल्या, कव्हराची वाट बघणाऱ्या खुर्च्यांकडे. त्या नजरेची नंतर त्याला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्टुलावरून सरकल्या आणि फोमच्या ढिगावर कोसळल्या. कापड सुईखालीच राहिलं.

दवाखान्यात दादा गणवेशातच धावत आला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही हो," दादा म्हणाला. "ती कसलंही औषध घेत नाही."

आत्ता बोललं नाही तर कुणाला कळणारही नाही, असं वैद्यबुवांच्या मनात येऊन गेलं. डॉक्टरीणबाई वळल्या तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली. "घेतात. गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या घेतात. आणि पोटासाठी कॅप्सूल... ती माझी. मी दिली, चहात फोडून." मग काळ्या शौचाचंही सांगितलं. "मला सांगितलं होतं त्यांनी," तो म्हणाला. दादाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

पोटात व्रण होता आणि त्यातून रक्त जात होतं. काळं दिसत होतं ते रक्तच. दुर्बीण घालून रक्त थांबवलं, बाहेरून रक्त चढवलं. वहिनी वाचल्या.

"माझ्या कॅप्सूलने झालं का हे?" त्याने डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं.

"व्रण बहुतेक त्या दुखण्याच्या गोळ्यांनी झालाय. असा व्रण एका जंतूनेही होतो, त्याचीही तपासणी करू. कॅप्सूल वाईट नाही, त्याच जातीचं औषध मीही देणार आहे. पण त्यांना तपासून, त्यांच्या मापाने. तुमच्या कॅप्सूलने जळजळ तेवढी झाकली आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं. त्यात ती गरम चहात टाकलीत. आतल्या दाण्यांवर जे आवरण असतं ते गेलं, तर बरंचसं औषध पोटातल्या आम्लातच वाया जातं. गिळता येत नसेल तर आम्हाला विचारायचं, पर्याय असतात." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतः कुणाला विचारून चालू ठेवलीय?"



खाटेशी बसायची पाळी त्याची आली, तेव्हा वहिनी जाग्या होत्या. रागावतील, चार शब्द सुनावतील अशी त्याने तयारी केली होती. त्यांनी विचारलं ते खुर्च्यांचं काय झालं म्हणून.

"वहिनी, मी काळजीपोटी दिली म्हणून सगळ्यांना सांगतोय. खरं तसं नाही. मशीन बंद पडू नये म्हणून दिली. काळं होतंय म्हणालात, तेव्हाही मी खुर्च्याच मोजत होतो."

"ठाऊक आहे मला, भावोजी. तोंडातले खिळेसुद्धा काढले नाहीत तुम्ही." मग म्हणाल्या, "मीही गप्प बसले. काम मलाही हवंच होतं की."

त्यांनी अर्धा दोष आपल्याकडे ओढून घेतला, आणि त्यालाच तो दुप्पट जड झाला.

पुढे तोही डॉक्टरांकडे गेला. कॅप्सूल त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी झाली, घ्यायची ती नाश्त्याआधी घेऊ लागला. वहिनी बऱ्या झाल्या. गुडघ्यांवर दुसरे उपचार सुरू झाले आणि मशीनला मोटर बसवली. दुकानात कुणी पोट धरून आलं, की तो हातातलं काम ठेवून म्हणतो, "मला विचारू नका. आधी डॉक्टरांकडे जा." लोकांना वाटतं, बुवांना शिष्टपणा आला.

दादा आता बोलतो, पूर्वीसारखा हसतोही. पण स्वतःला साधी सर्दी झाली तरी भावापाशी अवाक्षर काढत नाही.