ओल्या चादरींच्या आड

इमारतीत सगळे तिला वहिनीच म्हणत. लहान मुलांच्या एका दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायला बसायची. दुपारपासून दिवे लागेपर्यंत समोर रडणारी पोरं आणि त्यांच्याहून मोठ्याने ओरडणारे आईबाप. घरी नवरा, दोन मुलं, धाकटा दीर आणि सासूबाई. सकाळभर हिच्याच नावाचा पुकारा. मोजे कुठायत, किल्ल्या कुठायत, डबा झाला का.

एका सकाळी ती धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर गेली. दोन दोऱ्यांवर चादरी पसरल्या आणि कंबर धरली म्हणून मधल्या सावलीत बादली पालथी घालून जरा टेकली. दोन्हीकडे ओल्या चादरी, वर आभाळाची पट्टी. वाऱ्याने चादर गालाला लागली की गार वाटायचं. उठायला हवं, भाजी फोडणीला टाकायचीय, हे कळत होतं. पण पाय हलेनात. बसलोच आहोत तर काहीतरी विचार करावा म्हटलं, तर मनात काहीच येईना. आणि त्या काहीच न येण्यात तिला इतकं बरं वाटलं, की जिना उतरताना आपण काहीतरी चोरून खाल्लंय असं तिला वाटत राहिलं.

मग ते रोजचंच झालं. दवाखान्यात कुणी टेबलावर हात आपटला तरी आता तिचा आवाज चढत नसे. गर्दी तीच होती, पण तिच्या आत थोडी जागा झाली होती.

सासूबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. "चार कपडे वाळत घालायला एवढा वेळ? फोनबिन करत असेल कुणाला," त्या लेकाला म्हणाल्या. त्याने ते हसण्यावारी नेलं. तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांनी, कठडा धरत त्या स्वतःच गच्चीवर गेल्या.

चादर बाजूला सारली तर सून पालथ्या बादलीवर. हातात फोन नाही, काही नाही.

"काय करतेस गं इथे?"

वहिनी दचकून उठली. "काही नाही, आई."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे... खरंच काही नाही. नुसती बसलेय."

आता आपला उद्धार होणार, असं तिला वाटलं. पण सासूबाईंना धाप लागली होती. "आधी मला टेकू दे," म्हणत त्या बादलीवर बसल्या. वहिनी शेजारी फरशीवर बसली. चादरी हलत राहिल्या.

धाप ओसरल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी न्हाणीघरात नळ सोडून बसायची. माझ्या सासूला वाटायचं, हिला स्वच्छतेचं भारी वेड."

दोघी हसल्या. तेवढ्यात जिन्यातून नवऱ्याची हाक आली, "अगं, माझा निळा शर्ट?"

वहिनी सवयीने उठायला लागली. सासूबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "ओला आहे! दुसरा घाल!"

"आई, कपाटात आहे तो. इस्त्री करून ठेवलाय," वहिनी कुजबुजली.

"असू दे. शोधेल."

पुढे सासूबाईंना तो जिना रोज चढणं जमलं नाही. पण वहिनी कपडे घेऊन वर गेली की त्या दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसत. "आई कुठाय?" म्हणून नातवंडं आली, की काय हवं ते स्वतः शोधून देत आणि सांगत, "कामात आहे ती. हाक मारू नका."